वालाच्या शेतातले शिकारी

रायगडच्या किनारपट्टीत वाल हे उरलेल्या ओलीवरचे पीक आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पावसाळाभर खाचरे भाताची असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून झाला की त्याच खाचरात नांगर फिरवून वाल पेरतात आणि बहुतेक ठिकाणी काढणीपर्यंत त्याला वरून पाणी देत नाहीत. अलिबाग, पेण, रोहे, मुरुड, माणगाव, महाड या तालुक्यांतल्या गोड्या जमिनीवर रब्बीचे मुख्य कडधान्य हेच. खारेपाटात जिथे भरतीचे पाणी आणि मीठ जमिनीत उतरते, तिथली बहुतेक खाचरे भातानंतर मोकळी राहतात. वालाच्या जोडीला कुठे चवळी, कुठे मूग, कुठे हरभरा किंवा कुळीथ असतो. तूर मात्र खाचरात नसते. ती बांधावर असते आणि पावसाळ्याच्या सुरुवातीपासून असते.

साडेतीन-चार महिन्यांच्या या पिकाला कीड एकदम लागत नाही. रोप कोवळे असताना एक, शेंडा वाढताना दुसरी, फुलोऱ्यात तिसरी, दाणा भरताना चौथी, असा तिचा क्रम असतो. प्रत्येक किडीच्या मागून तिला खाणारा कुणीतरी येतोच, पण जरा उशिरा. किडीला अन्न म्हणून पीक लागते, शत्रूला अन्न म्हणून कीड लागते. साहजिकच दुसऱ्याची पाळी नंतर येते. मधल्या आठ-पंधरा दिवसांत शेत वाईट दिसते, औषध मारण्याची घाई होते, आणि बरेचदा नेमक्या त्याच वेळी शिकारी शेतात पोचलेले असतात.

वालाची स्थानिक जात दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. त्यामुळे पेरणी आठवडाभर मागेपुढे झाली, तरी गावातल्या साऱ्या शेतांना डिसेंबरअखेर ते जानेवारीत जवळपास एकाच सुमारास फूल येते. शेतकऱ्याला हे सोयीचे आहे, आणि शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांनाही. परसातल्या मांडवावरच्या वालपापडीचा हिशेब वेगळा. तिचा वेल पावसाळा सरताना फुलू लागतो आणि हिवाळाभर शेंगा देत राहतो. वालाच्या शेतात अजून नांगरही लागलेला नसताना मावा, अळ्या आणि त्यांना खाणारे कीटक या मांडवावर जमलेले असतात.

सुरुवात माव्यापासून करावी लागते, कारण रायगडात वाल बिघडला असे म्हणतात तेव्हा बहुधा मावाच डोळ्यांसमोर असतो. वाल, चवळी, मूग अशा सगळ्या शेंगवर्गीय पिकांवर येणारा हा काळा मावा. प्रौढ मावा तकतकीत काळा, पिल्ले राखी. शेंड्यावर, कळ्यांच्या दांड्यावर आणि कोवळ्या शेंगांवर ते दाटीने बसतात, सोंड खुपसून रस शोषतात. रसात साखर भरपूर आणि नत्र कमी. हवे तेवढे नत्र मिळवण्यासाठी मावा गरजेपेक्षा किती तरी जास्त रस ओढतो आणि उरलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. पाने चिकट होतात, त्यांवर काळी बुरशी चढते. माद्यांना नराची गरज पडत नाही. त्या अंडीही घालत नाहीत, थेट पिल्ले जन्माला घालतात, आणि ही पिल्ले आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. दाटी फार झाली किंवा झाड सुकू लागले की पंख असलेला मावा जन्मतो आणि वाऱ्याबरोबर पुढच्या शेतात जातो. डिसेंबरात आभाळ ढगाळ राहिले, हवा दमट आणि सौम्य झाली की ही वाढ आणखी जोर धरते. जोराचा अवकाळी पाऊस झाला तर तोच मावा धुऊन जातो. मात्र फुलोराही गळतो, तेव्हा त्या पावसाचे स्वागत कुणी करत नाही.

माव्याच्या वाटेवर सर्वांत आधी पोचते ती सिरफिड माशी. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे ती मधमाशीसारखी दिसते आणि हवेत एका जागी स्थिर राहू शकते. तिला स्वतःला फुलातला मकरंद आणि पराग पुरतात, पण अंडी ती नेमकी माव्याच्या वसाहतीत घालते. त्यातून निघणाऱ्या अळीला पाय नसतात, डोळेही नसतात. शेंड्यावर हिरवट-पांढुरके, टोकाकडे निमुळते काहीतरी चिकटलेले दिसते आणि थोडा वेळ पाहत राहिले की त्याचे टोक डावी-उजवीकडे चाचपडताना दिसते. ते टोक माव्याला लागले की अळी त्याला आकड्यांनी पकडते, पानावरून उचलते, अधांतरी धरून आतला रस ओढून घेते आणि रिकामे कातडे टाकून देते. पूर्ण वाढ होईपर्यंत एकेक अळी काही शे मावे संपवते. ही शिकार बरीचशी रात्री चालते, त्यामुळे सकाळी शेतावर जाणाऱ्याला नुसती कातडी दिसतात.

ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरे, सगळ्यांच्या ओळखीचे. रायगडात नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला आणि लाल पाठीवर काळे आडवे पट्टे असलेला, हे दोन नेहमी दिसतात. प्रौढ भुंगेरा ओळखता येतो, पण त्याची अळी ओळखता येत नाही, आणि मावा तीही भरपूर खाते. ती लांबट, काळसर, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांवर भराभर चालणारी असते आणि अनोळखी माणसाला हमखास किडीसारखी वाटते. आणखी एका लहान जातीच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. तिला पिठ्या ढेकूण समजून त्यावर औषध मारल्याची उदाहरणे ठिकठिकाणी ऐकायला मिळतात. अंड्यापासून भुंगेरा होईपर्यंत ढालकिड्याला हिवाळ्यात साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढ्यात माव्याच्या दोन-तीन पिढ्या होऊन जातात. उशीर होतो तो इथे.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, त्याची खूण दिसते. माव्याच्या दाटीत मधूनमधून फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे मावे आढळतात, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीला गोल भोक असते. दोन मिलिमीटरच्या आसपासची बारीक गांधीलमाशी पोट पुढे वळवून माव्याच्या अंगात एकेक अंडे घालते. अळी आतून मावा खाते, त्याचे कातडे पानाला चिकटवून टाकते, आतच कोष करते आणि शेवटी झाकण कापून बाहेर पडते. शेंड्यावर असे तपकिरी मावे बरेच दिसू लागले की समजावे, पुढच्या आठवड्यात मावा आपोआप ओसरणार.

या सगळ्यात मुंग्यांची भूमिका गैरसोयीची. चिकट साखरेच्या मोबदल्यात त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळ्यांना चावून हुसकावतात. चवळीच्या फुलदांड्यावर तर फुलाबाहेरच मकरंदाच्या ग्रंथी असतात. त्यांवर मुंग्या एरवीही येतात आणि पतंगांची अंडी, लहान अळ्या उचलून नेतात. त्यामुळे मुंगी चांगली की वाईट याचे उत्तर झाडावर मावा आहे की नाही यावर अवलंबून आहे.

फुले आली की मावा मागे पडतो आणि अळ्या सुरू होतात. शेंगा पोखरणारी अळी असा एकच शब्द व्यवहारात वापरला जातो, पण वालावर त्या किमान चार प्रकारच्या असतात, आणि त्यांच्यावरचे उपाय सारखे नाहीत.

घाटेअळी सगळ्यांत प्रसिद्ध. हरभऱ्याचा घाटा, तुरीची शेंग, कापसाचे बोंड, टोमॅटोचे फळ, तिला काहीही चालते. रंगही एक नाही. हिरवा, तपकिरी, गुलाबी, काळसर, कसाही. शेंगेला मोठे गोल भोक, डोके आत, निम्मे अंग बाहेर, हे तिचे लक्षण. ठिपक्यांची अळी तिच्याहून लहान, फिकट अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असलेली. ती कळ्या, फुले आणि शेंगा जाळ्याने एकत्र गुंडाळते आणि त्या गुंडाळीत बसून खाते. दमट, ढगाळ हवा तिला मानवते, म्हणून किनाऱ्यालगत ती घाटेअळीहूनही त्रासदायक ठरू शकते. तिसरी खास वालाचीच अळी. तिचा पतंग कळ्यांवर आणि कोवळ्या शेंगांवर सुटी अंडी घालतो आणि अळी शेंगेत शिरून दाणे खाते. चौथी एका सुंदर निळ्या फुलपाखराची. मागच्या पंखाला बारीक शेपटी असलेले हे फुलपाखरू आफ्रिका, आशिया आणि दक्षिण युरोपात सगळीकडे आढळते. ब्रिटनमध्ये क्वचित पोचते आणि दिसले की तिथले निसर्गप्रेमी हरखतात. अलिबागच्या वालात त्याची चपटी हिरवी अळी शेंगेत सापडते तेव्हा हरखणारे कुणी नसते.

बांधावरच्या तुरीत आणखी दोघांची भर पडते. पिसारी पतंगाची काटेरी केसांची अळी शेंगेवरून आत तोंड घालून दाणा खाते. शेंगमाशीचे काम त्याहून गुपचूप चालते. ती कोवळ्या शेंगेच्या सालीत अंडी घालते, अळी आतच वाढते, आतच कोष होतो, आणि माशी बाहेर पडेपर्यंत शेंगेवर काहीही दिसत नाही. उशिरा तयार होणाऱ्या तुरीवर तिचा जोर असतो, आणि कोकणातली बांधावरची तूर बहुधा उशिराचीच असते.

घाटेअळीची एक मादी हजाराच्या घरात अंडी घालू शकते. ही सगळी अंडी जगली असती, तर एका हंगामात कडधान्य उरलेच नसते. ती जगत नाहीत, आणि त्यांच्या मरण्यातला मोठा वाटा शेतातल्या इतर जिवांचा असतो. अंडे तीन-चार दिवसांत फुटते. त्याआधी ट्रायकोग्रामा ही अर्धा मिलिमीटरची गांधीलमाशी तिथे पोचली, तर ती त्यातच आपले अंडे घालते. पतंगाचे अंडे काळे पडते आणि त्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामा निघते. प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर या माशा वाढवतात आणि ती अंडी चिकटवलेली ट्रायकोकार्डे विकतात; एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. भात, ऊस, टोमॅटो अशा पिकांत कार्डांचा उपयोग होतो. हरभऱ्यात मात्र होत नाही म्हटले तरी चालेल, कारण हरभऱ्याच्या पानांवरची आंब आणि केस या एवढ्याशा माशीला पानावर टिकूच देत नाहीत. तुरीच्या शेंगेवरची लव तिला अशीच अडवते. उपाय कागदावर चांगला असला तरी पिकाच्या सालीवर तो अडू शकतो, हे विक्रेते सांगतातच असे नाही.

हरभऱ्यात आणि वालात अळी लहान असताना तिला गाठणारी दुसरी एक गांधीलमाशी आहे, कॅम्पोलेटिस. लाल-काळ्या अंगाची, सडपातळ, सतत स्पर्शिका थरथरवत पानापानावरून फिरणारी. ती दुसऱ्या अवस्थेतली, म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासची अळी शोधते आणि क्षणभर डंख करून निघून जाते. त्या क्षणभरात अंडे आत गेलेले असते. अळी खात राहते, पण कमी खाते, वाढत नाही, मलूल होते. आठवड्या-दीड आठवड्यात परजीवीची अळी तिच्या अंगातून बाहेर येते आणि शेजारीच कोष विणते. पानावर तांदळाच्या दाण्याएवढा राखी-पांढरा, काळ्या ठिपक्यांचा कोष आणि त्याला चिकटलेले अळीचे सुरकुतलेले कातडे एकदा पाहिले, की पुढे सहज ओळखू येते. बहुतेक लोक हा कोष किडीचाच समजून चिरडतात.

मोठ्या अळ्यांवर टॅकिनिड माश्या येतात. घरमाशीसारख्याच, पण अंगावर राठ केस असलेल्या. रोगही येतात. घाटेअळीच्या एका विषाणूने आजारी झालेली अळी खाणे सोडून झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी लोंबकळत मरते, कातडे फुटते आणि आतला विषाणूंनी भरलेला द्रव खालच्या पानांवर ओघळतो. ती पाने खाणाऱ्या अळ्या मग आजारी पडतात. हाच विषाणू एचएएनपीव्ही या नावाने फवारणीसाठी मिळतो. त्याचे माप अळ्यांत मोजतात: हरभऱ्याला हेक्टरी २५० रोगट अळ्यांतून मिळणाऱ्या विषाणूएवढे, तुरीला ५००. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात. तो जवळपास फक्त घाटेअळीलाच होतो. हा त्याचा मोठा गुण, आणि वालाच्या शेतात हाच त्याचा दोषही. शेंगेत ठिपक्यांची किंवा वालाची अळी असेल, तर घाटेअळीचा विषाणू मारून काही साधत नाही. अळी ओळखूनच बाटली उघडावी लागते.

पक्ष्यांना असा भेद नसतो. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू आणि गाईबगळे रायगडच्या खाचरांत हिवाळाभर असतात. कोतवालाला उंच जागेवरून खाली झेप घेऊन शिकार करायची सवय असते. वालाच्या सपाट खाचरात बसायला जागाच नसते. म्हणून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या, पक्षीथांबे, हेक्टरी वीस-पंचवीस रोवण्याची शिफारस कृषी विभाग करतो. दाणा भरल्यावर त्या काढून टाकाव्यात, नाहीतर त्यांवर पोपटही बसतात. घाटेअळी कोषात जाण्यासाठी मातीत उतरते. काढणीनंतर लगेच नांगरट झाली तर ते कोष वर येतात, आणि नांगरामागून चालणारे बगळे आणि साळुंक्या ते टिपतात.

दाणे भरताना रस शोषणारे ढेकूण येतात. वालाच्या खोडावर दाटीने बसणारे, हिरवट-काळे, वाटोळे ढेकूण आणि त्यांचा उग्र वास हे या पिकाचे जुनेच दुखणे. शेंगेत सोंड खुपसणारा लांबोडका ढेकूण वेगळा. त्याची पिल्ले हुबेहूब मुंगीसारखी दिसतात आणि मुंगीसारखीच धावतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. सोंड लागलेला दाणा सुरकुततो, शिजत नाही. या ढेकणांची अंडी पानावर ओळीने किंवा पुंजक्याने असतात, आणि त्यांच्यावरही वेगवेगळ्या बारीक गांधीलमाश्या जगतात. खोडमाशी, तुडतुडे, फुलकिडे आणि मुगावर पिवळा मोझाईक पसरवणारी पांढरी माशी यांचाही या परिसरात वावर असतो, पण वालाचे मोठे नुकसान क्वचितच त्यांच्यामुळे होते.

आता प्रश्न असा, की नोव्हेंबरात पेरलेल्या, जानेवारीत फुललेल्या पिकात हे शिकारी येतात कुठून? खाचरात तर महिन्यापूर्वी भात होता आणि मधले दिवस उघडी जमीन. उत्तर बांधावर आहे. भातात तुडतुड्यांवर आणि पतंगांवर जगणारे कोळी, म्हणजे जमिनीवर धावणारे लांडगा-कोळी आणि पानांवर उड्या घेणारे काटेरी पायांचे कोळी, भात कापताच कडेच्या गवतात सरकतात. बांधावरची तूर फुलत असते, तिच्यावर मावा आणि अळ्या असतात, त्यांच्यावर ढालकिडे आणि गांधीलमाश्या असतात. त्या माश्यांना जगायला मकरंद लागतो. तो तुरीच्या, रानतुळशीच्या, बांधावरच्या फुलणाऱ्या तणांच्या फुलांत मिळतो. वालाला पहिला शेंडा फुटतो तोवर शिकाऱ्यांची पुढची पिढी दहा पावलांवर तयार असते. बांध पेटवला किंवा तणनाशकाने उघडा केला, तर तीच पिढी गावाबाहेरून यावी लागते आणि उशीर आणखी लांबतो. कोकणात हिवाळा संपताना माळावर लागणारे वणवे दुसऱ्या दिशेने हेच करतात; पुढच्या वर्षीच्या कोळ्यांचे आणि भुंगेऱ्यांचे आसरे त्यांत जळतात.

बांधाची बाजू तशी एकतर्फी नाही. भातावरचे नाकतोडे अंडी घालतात ती बांधाच्या मातीत, म्हणून उन्हाळ्यात बांध खरवडण्याचा सल्ला भात उत्पादकांना दिला जातो. तुरीच्या फुलांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल-काळ्या पट्ट्यांचे हिंगे भुंगेरे येतात आणि फुलेच्या फुले फस्त करतात. त्यांना चिरडले तर अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतो. शत्रूच म्हणायचे. पण याच हिंग्यांच्या अळ्या मातीत राहून नाकतोड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर जगतात. तुरीचे जे फूल गेले ते भाताच्या पानाने भरून निघाले का, हा हिशेब कुणी घातलेला नाही आणि घालणे सोपेही नाही.

फवारणीने शिकारी मरतात हे सर्वांना ठाऊक आहे. कीड मात्र आधीपेक्षा जोराने परत का येते, याचे उत्तर १९२६ साली एका इटालियन गणितज्ञाने दिले. व्हीटो व्होल्टेरा त्याचे नाव. त्याचा जावई उंबेर्तो द'अंकोना हा प्राणिशास्त्रज्ञ एड्रियाटिक समुद्रकाठच्या बाजारांतल्या मासळीच्या नोंदी तपासत होता. पहिल्या महायुद्धात मासेमारी जवळपास थांबली, आणि त्या वर्षांत जाळ्यात आलेल्या मासळीत मुशीसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. मासेमारी थांबल्याचा फायदा शिकाऱ्यांनाच जास्त का व्हावा? व्होल्टेराने समीकरणे मांडून दाखवले, की शिकार आणि शिकारी दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिले, तर सरासरीने शिकार वाढते आणि शिकारी घटतात. शिकाऱ्याला औषधाचाही मार बसतो आणि उपासमारीचाही. किडीला औषधाचा मार बसतो, पण तिचे अन्न, म्हणजे पीक, समोर जसेच्या तसे असते. त्यात माव्यासारखी कीड आठवड्याला एक पिढी काढते. फवारणीनंतर दहाव्या दिवशी शेंड्यावर पुन्हा काळी दाटी दिसते ती यामुळे.

किडीला प्रतिकारशक्ती येते, ही त्यावरची दुसरी अडचण. घाटेअळीला पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांची सवय झाल्याचे भारतात प्रथम १९८७ साली आंध्र प्रदेशच्या कापूस पट्ट्यात लक्षात आले. पतंग दूरवर उडतो, त्यामुळे कापसात तयार झालेली प्रतिकारशक्ती कापसाच्या शेतापुरती राहत नाही. किनारपट्टीत कापूस नसतानाही वालातली घाटेअळी औषधाला दाद देत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते.

रायगडात तिसरा मुद्दाही आहे, आणि तो पोटाशी निगडित आहे. इथला वाल मोठ्या प्रमाणात हिरवाच खाल्ला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी लावतात तेव्हा शेंगा सोलल्याशिवाय, भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून, मडक्यात पाणी न घालता शिजवतात. शेंगेच्या सालीवर जे काही असेल ते मडक्यातच राहते. फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस औषधाच्या वेष्टनावर छापलेले असतात. पण तीन-चार दिवसांआड शेंगा तोडणाऱ्याला ते पाळणे जमत नाही. तेव्हा हिरव्या शेंगा विकणाऱ्या शेतात फुलोऱ्यानंतर रासायनिक औषध मुळीच मारू नये, हाच शहाणा हिशेब. शेंग सोलताना एखादी अळी निघाली तर ती बाजूला काढता येते.

काही करायचेच नाही असा याचा अर्थ होत नाही. भारतात जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प १९७७ साली सुरू झाला. त्याचे काम पाहणारी बंगळूरची संस्था २०१४पासून राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने काम करते. कोकणासाठी १९७२ साली स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ वालाच्या 'कोकण वाल-१'सारख्या जाती आणि पीक संरक्षणाच्या शिफारशी देते. त्याचे कर्जतचे प्रादेशिक संशोधन केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे. या सगळ्या शिफारशींचे सूत्र मोजून मग मारण्याचे आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. त्यांत मादीच्या वासाला भुलून फक्त नर पतंग येतात, म्हणून सापळ्याने कीड संपत नाही, तिची चाहूल लागते. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ-दहा पतंग पडले, तर अळ्या येऊ घातल्या असे धरायचे. त्यासाठी पहिला उपाय पाच टक्के निंबोळी अर्काचा: पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून शंभर लिटर करायची. या अर्काने किडी लगेच मरत नाहीत. त्यांचे खाणे आणि कात टाकणे बिघडते, आणि गांधीलमाश्यांना इजा कमी होते. माव्यासाठी शेतभर फवारण्याऐवजी सुरुवातीला बरबटलेले शेंडे खुडून टाकणे पुरते, कारण मावा आधी कडेच्या काही झाडांवरच बसतो. खुडण्याआधी शेंडा उलटून पाहावा. त्यावर तपकिरी मावे किंवा सिरफिडच्या अळ्या असतील, तर तो शेंडा झाडावरच ठेवलेला बरा.

मार्चमध्ये वाल झोडपून घरात आला की शेतातल्या साऱ्या किडी मागे राहतात, एक सोडून. कडधान्यातला भुंगेरा शेतातूनच येतो. त्याची मादी वाळत आलेल्या शेंगेवर अंडी चिकटवते, अळी साल पोखरून दाण्यात शिरते आणि दाण्याबरोबर कणगीत पोचते. तिथे मग पुढची पिढी थेट दाण्यांवर अंडी घालते. दाण्याच्या सालीला चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे ही अंडी. उन्हाळ्याच्या उकाड्यात अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत चार आठवडे पुरतात. भुंगेरा स्वतः दाणा खात नाही, थोडे दिवस जगतो, पण एकेक मादी ऐंशी-शंभर अंडी घालून मरते. मार्चमध्ये पाच-दहा दाण्यांत असलेली कीड गणपतीपर्यंत सगळ्या वालाचे पीठ करते.

इथेही शत्रू आहेत. अंड्यांत वाढणारी अस्काना आणि दाण्यातल्या अळीवर अंडी घालणारी डायनार्मस, या दोन्ही अतिशय लहान गांधीलमाश्या साठवणीच्या कडधान्यात आपोआप येतात. डब्यात भुंगेऱ्यांबरोबर काळ्या बारीक माश्या फिरताना दिसल्या तर त्या बहुधा याच. पण त्या किडीची संख्या रोखून धरतात, शून्यावर आणत नाहीत. आणि घरच्या धान्यात शून्याहून जास्त कुणालाच नको असते. त्यामुळे साठवणीत जुन्या पद्धतीच उजव्या ठरतात. कडक उन्हात वाल दोन-तीन दिवस वाळवतात. खाण्याच्या वालाला किलोमागे चमचाभर खाद्यतेल चोळले, की तेलाचा थर अंड्याचा श्वास बंद करतो. बियाण्याच्या वालात चाळलेली राख मिसळतात. ती भुंगेऱ्यांना दाण्यांमधून फिरू देत नाही आणि त्यांच्या अंगावरचे मेण खरवडून त्यांना सुकवते. एवढे करूनही काही दाण्यांना गोल खिडकी पडतेच. असा दाणा कधी उगवतो, कधी नाही, आणि उगवला तरी रोप अशक्त निघते. नोव्हेंबरात पेरणीआधी बियाणे पाण्यात टाकून तरंगणारे दाणे वेगळे काढतात, ते यासाठी.